‘केवळ संशोधनासाठी’ या लेबलाआडचा इंजेक्शनांचा व्यापार बंद करा : औषध नियामकांना खुले पत्र

प्रति,
देशोदेशींच्या औषध नियामक संस्थांचे प्रमुख आणि त्यांच्या औषध-सुरक्षा समित्या यांस

विषय : वजन घटवण्यासाठी विकली जाणारी, मान्यता नसलेली पेप्टाइड इंजेक्शने

महोदय, महोदया,

रेटाट्रुटाइड हे वजन घटवणारे पेप्टाइड आहे, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. हे पत्र लिहिताना त्याला आपल्यापैकी एकाही संस्थेची मान्यता नाही. तरीही ते घरपोच मिळते. छोट्या काचेच्या कुपीत गोठवून वाळवलेली पांढरी भुकटी असते, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, कोणी काही विचारत नाही. कुपीवर छापलेले असते, ‘केवळ संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.’ एवढे छापले की विक्रेता मोकळा होतो, आणि आपण त्याला मोकळा होऊ देता. आपल्याकडून इशाऱ्याचे पत्र जाते, संकेतस्थळ बंद पडते, आणि थोड्याच दिवसांत तोच माल नव्या नावाने पुन्हा विक्रीला येतो. आमची तक्रार या ढिलाईबद्दल आहे. पत्र खुले ठेवले, कारण ही इंजेक्शने स्वतःला टोचून घेणाऱ्यांनीही ते वाचायला हवे.

आम्ही औषधांचे पृथक्करण करणारे, ती रुग्णांच्या हाती देणारे आणि दुष्परिणाम झाल्यावर उपचार करणारे लोक आहोत. वजन घटवणाऱ्या या औषधांना आमचा विरोध नाही. त्यांतल्या मान्यताप्राप्त सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ लोक होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, प्लासिबो (औषध नसलेले इंजेक्शन) गटात ही घट २.४ टक्के होती. तशाच टिर्झेपेटाइड या औषधाच्या चाचणीत सर्वाधिक डोसला ७२ आठवड्यांत २०.९ टक्के घट दिसली. लठ्ठपणावरच्या औषधांच्या इतिहासात एवढे आकडे पूर्वी कधी दिसले नव्हते. ज्यांना गरज आहे त्यांना ही औषधे मिळावीत, स्वस्तात मिळावीत, हेच आमचे म्हणणे आहे. पण चाचणीतले औषध आणि त्याच नावाने कुपीत भरलेली भुकटी यांना एकच मानायला आम्ही तयार नाही. लोक त्यांना एकच मानतात, कारण फरक त्यांना कोणी समजावून सांगितलेला नाही. ते काम आपले होते.

आधी त्या लेबलाबद्दल. खऱ्या प्रयोगशाळेला पेप्टाइड घ्यायचे असेल तर ती क्षाराचे स्वरूप विचारते, अमिनो आम्लांचा क्रम तपासते, निव्वळ पेप्टाइड किती हे विचारते. तिला बेन्झिल अल्कोहोल घातलेले निर्जंतुक पाणी लागत नाही, इन्सुलिनच्या सिरिंज लागत नाहीत, अल्कोहोलमध्ये भिजवलेले बोळे लागत नाहीत. या तिन्ही वस्तू त्याच पानावर ‘सोबत घ्या’ म्हणून मांडलेल्या असतात. कुपीचा आकारही माणसाच्या काही आठवड्यांच्या डोसावरून ठरवलेला असतो. शेजारीच ‘आठवड्याला किती युनिट’ सांगणारे गणकयंत्र असते. वस्तू औषध आहे की नाही, हे ती कशासाठी विकली जाते यावरून ठरते. हे तत्त्व आपल्यापैकी अनेकांच्या कायद्यात आधीपासून आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२४ च्या अखेरीस काही विक्रेत्यांना पाठवलेल्या पत्रांत हाच मुद्दा मांडला होता, लेबल काहीही म्हणो, माल माणसांसाठीच विकला जातो आहे. म्हणजे कायदा आपल्याला ठाऊक आहे. तो फक्त पत्र लिहिण्यापुरता वापरला जातो.

आता शुद्धतेच्या दाव्याकडे येऊ. यावर जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण सगळा व्यापार ‘शुद्धता ९९ टक्के’ या एका आकड्यावर उभा आहे. ग्राहक प्रमाणपत्र मागतो, विक्रेता एचपीएलसीचा, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीचा, आलेख पाठवतो, त्यात एक उंच शिखर आणि पायथ्याशी जवळजवळ सपाट रेष दिसते, आणि ग्राहक निश्चिंत होतो.

तो आलेख काय मोजतो? साधारण २१४ ते २२० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत जे पदार्थ दिसतात, त्यांच्यात मुख्य पदार्थाचा वाटा किती, एवढेच. भुकटीतले पाणी त्यात दिसत नाही. शुद्धीकरणात वापरलेल्या आम्लांचे क्षार मोजले जात नाहीत, भुकटीला आकार यावा म्हणून घातलेले मॅनिटॉल दिसत नाही, धातूंचे अंश किंवा जिवाणूंचे विषही नाही. त्यामुळे शुद्धता ९९ टक्के असूनही १० मिलिग्रॅम लिहिलेल्या कुपीत ७ मिलिग्रॅम पेप्टाइड असू शकते, किंवा १३ मिलिग्रॅम. शुद्धता हा एक प्रश्न आहे आणि मात्रा हा वेगळा. दुसऱ्याचे उत्तर प्रमाणित नमुन्याशी तुलना केल्याशिवाय मिळत नाही, आणि जे औषध अजून मान्य नाही त्याचा अधिकृत प्रमाणित नमुना त्या विक्रेत्याकडे कुठून येणार?

बरे, उरलेल्या एका टक्क्यात काय असते? टिर्झेपेटाइड किंवा रेटाट्रुटाइड ही ३९ अमिनो आम्लांची साखळी आहे. एकेक कडी जोडत ती तयार केली तर ३८ जोडण्या होतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली, तरी शेवटी पूर्ण व बरोबर साखळ्या सुमारे ६८ टक्केच उरतात. प्रत्येक पायरी ९९.५ टक्क्यांवर नेली तर सुमारे ८३ टक्के. बाकीच्यांत कुठे एक कडी गळालेली असते, कुठे एकच कडी दोनदा लागलेली असते, कुठे बाजूचा गट तुटलेला असतो. शुद्धीकरणाने यातले बरेच निघून जाते. पण एखाद्या अमिनो आम्लाची रचना उलट्या हाताची, आरशातल्या प्रतिबिंबासारखी, झाली असेल, तर वस्तुमान तेच राहते, म्हणून वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीला फरक कळत नाही. एचपीएलसीची पद्धत नीट बसवलेली नसेल तर ती साखळी मुख्य शिखराखालीच लपते. अशी साखळी शरीराला ओळखीची वाटेलच असे नाही.

ही बारीकसारीक भीती नव्हे. पेप्टाइडची संश्लेषित जेनेरिक औषधे तपासताना एफडीएच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनेत मर्यादा घातली आहे. मूळ औषधात नसलेली पेप्टाइड अशुद्धी ०.५ टक्क्यांहून जास्त असेल तर जेनेरिक म्हणून मान्यता मिळवण्याचा सोपा मार्ग बंद होतो. ती ०.१ ते ०.५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ती कोणती आहे हे ओळखून, तिच्याने प्रतिकारशक्ती चाळवत नाही हे दाखवावे लागते. मान्यताप्राप्त कारखान्याला हजारातल्या एका भागाचा हिशेब द्यावा लागतो आणि इथे एक पूर्ण टक्का ‘उच्च दर्जा’ म्हणून मिरवला जातो.

आणि ९९ टक्के हा आकडा तरी खरा असतो का? हंगेरी आणि अमेरिकेतील संशोधकांनी बेकायदा ऑनलाइन औषध-विक्रेत्यांकडून सेमाग्लुटाइड मागवून पाहिले आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. सहा ठिकाणी पैसे भरले, माल तीनच ठिकाणांहून आला. लेबलवर शुद्धता ९९ टक्के होती, प्रत्यक्षात सुमारे ८ ते १४ टक्के. मात्रा मात्र लेबलपेक्षा २९ ते ३९ टक्क्यांनी जास्त. घेणाऱ्याला दोन्ही बाजूंनी फटका. जिवंत जिवाणू सापडले नाहीत, पण त्यांचे विष, एंडोटॉक्सिन, सापडले: मिलिग्रॅममागे सुमारे २ ते ९ एकके. प्रामाणिकपणे सांगायचे तर एवढ्या छोट्या डोसात हे प्रमाण स्वतःहून ताप आणण्याइतके नाही. पण त्या भुकटीच्या प्रवासात कुठेतरी जिवाणू वाढले होते आणि ते कोणी पाहिले नाही, हे त्यातून कळते. पुढच्या बॅचमध्ये हाच आकडा किती असेल, हे विक्रेत्यालाही सांगता येणार नाही.

निर्जंतुकतेबद्दल ग्राहकांत दोन गैरसमज पक्के बसले आहेत. एक, बेन्झिल अल्कोहोलचे पाणी घातले की सगळे जंतू मरतात. ते ०.९ टक्के अल्कोहोल नव्या जिवाणूंची वाढ रोखण्यापुरते असते. आधीच दूषित असलेली भुकटी त्याने निर्जंतुक होत नाही, आणि एंडोटॉक्सिनवर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. दोन, घरी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून द्रव गाळला की काम झाले. त्या फिल्टरमध्ये जिवाणू अडकतात, त्यांचे विष आरपार जाते. शिवाय गाळताना थोडे पेप्टाइडही फिल्टरला चिकटते, म्हणजे मात्रा आणखी अनिश्चित. कारखान्यात भरणी होते ती निर्जंतुक कक्षात, हवेतले कण मोजत, आणि त्यानंतर नमुन्यांची १४ दिवसांची निर्जंतुकता चाचणी होते. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रात यातले काय असते ते कोणीही उघडून पाहावे. बहुतेक वेळा काहीच नसते.

यापुढची तक्रार डोसाच्या हिशेबाची. औषधाचा परिणाम चांगला की वाईट हा वाद नंतर. आधी लोक चुकून किती घेतात ते पाहा. मान्यताप्राप्त सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने सुरू होते. मग दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४ मिलिग्रॅम. तिथवर पोहोचायला १६ आठवडे लागतात, आणि हा संथपणा मुद्दाम आहे. पोट आणि आतडी सवय करून घेतात. कारखान्यात भरून येणाऱ्या इंजेक्शनच्या पेनमध्ये डोस आधीच ठरलेला असतो. कुपीत मात्र भुकटी, पाणी आणि सिरिंज यांचा मेळ ग्राहकाने स्वतः घालायचा असतो.

१० मिलिग्रॅमच्या कुपीत २ मिलिलिटर पाणी घातले तर दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम होते. इन्सुलिनच्या सिरिंजवर १ मिलिलिटर म्हणजे १०० युनिट, म्हणजे एका युनिटमध्ये ०.०५ मिलिग्रॅम. ०.२५ मिलिग्रॅमसाठी ५ युनिट. आता चुका बघा. तीच भुकटी १ मिलिलिटर पाण्यात विरघळवली तर त्याच ५ युनिटमध्ये ०.५ मिलिग्रॅम येते, म्हणजे दुप्पट. ५ मिलिग्रॅमच्या कुपीत २ मिलिलिटर पाणी घालून १० युनिट घेणाऱ्याने पुढच्या वेळी १० मिलिग्रॅमची कुपी आणली आणि सवयीने पुन्हा १० युनिट भरले, तरी दुप्पट. ‘०.२५’ वाचून २५ युनिट भरले तर पाचपट. ५ ऐवजी ५० युनिट भरले तर एका झटक्यात २.५ मिलिग्रॅम, सोळा आठवड्यांनी यायचा डोस पहिल्याच दिवशी, तोही थोडा ओलांडून. सिरिंजवरचे ‘युनिट’ हे इन्सुलिनचे माप आहे, पेप्टाइडच्या वजनाशी त्याचा संबंध पाणी किती घातले यावरच अवलंबून असतो, हे किती जणांना ठाऊक असते?

असे प्रत्यक्षात घडले आहे. जुलै २०२४ मध्ये एफडीएनेच कळवले होते की औषधालयात मिसळून तयार केलेल्या सेमाग्लुटाइडच्या कुप्यांमधून काही रुग्णांनी ठरलेल्या डोसाच्या ५ ते २० पट औषध घेतले, आणि हिशेब चुकवणाऱ्यांत आरोग्यसेवकही होते. तिथे निदान डॉक्टर आणि औषधनिर्माता साखळीत होते. ‘संशोधना’च्या कुपीत कोणीच नसतो.

आणि चूक झाली तर ती उलटवता येत नाही. सेमाग्लुटाइडचे अर्धायुष्य सुमारे एक आठवडा आहे. सात दिवसांनी निम्मे औषध शरीरात असतेच. त्यावर उतारा नाही. सलाईन, उलटी थांबवणारी औषधे, रक्तातील साखर व क्षारांवर नजर आणि वाट पाहणे, एवढेच उपचार करणाऱ्याच्या हाती असते. दिवसेंदिवस उलट्या होऊन शरीरातले पाणी घटले तर मूत्रपिंडे बिघडू शकतात. रुग्णाने काय टोचले हे बऱ्याचदा आम्हाला बाटलीच्या झाकणाचा रंग सांगून कळवले जाते, कारण तिच्यावर औषध ओळखता येईल असे काही छापलेलेच नसते.

इथवर जे लिहिले ते माहितीच्या औषधाबद्दल होते. रेटाट्रुटाइडसारखे औषध तर अजून अभ्यासाखाली आहे. ते जीएलपी-१ आणि जीआयपी या आतड्यातल्या संप्रेरकांच्या जोडीला ग्लुकागॉन या संप्रेरकाच्या रिसेप्टरांनाही (पेशींवरच्या ग्राहींनाही) चेतवते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३३८ प्रौढ होते. १२ मिलिग्रॅमच्या गटात ४८ आठवड्यांत वजन सरासरी २४.२ टक्के घटले. हाच आकडा सगळीकडे फिरतो. त्याच चाचणीत डोसाबरोबर हृदयाचे ठोके वाढले, ही वाढ २४ आठवड्यांच्या सुमारास सर्वाधिक होऊन मग उतरली, आणि सुरुवात ४ ऐवजी २ मिलिग्रॅमने केली तर पोटाचे त्रास कमी झाले. हे सहसा फिरत नाही. काहींना त्वचा नको इतकी संवेदनशील झाल्यासारखे वाटले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या एका चाचणीत, सर्वाधिक डोस घेणाऱ्यांपैकी सुमारे एक पंचमांश लोकांत स्पर्शाच्या विचित्र संवेदना नोंदल्या गेल्या. अशा गोष्टी उघडकीस याव्यात म्हणूनच टप्पे असतात. त्या चाचणीत नाडी, रक्ततपासण्या आणि तक्रारी ठरलेल्या दिवशी लिहून घेतल्या जात होत्या. घरी टोचणाऱ्याची नोंद कोण ठेवतो?

‘इतके लोक घेत आहेत, कुणाला काही झाले नाही’ हे उत्तर आम्ही रोज ऐकतो. लॉर्कासेरिन आठवा. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली वजनाची गोळी. सुमारे १२,००० लोकांची पाच वर्षांची चाचणी झाली तेव्हा कर्करोगाचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.७ टक्के आणि प्लासिबोवर ७.१ टक्के निघाले, आणि २०२० मध्ये ती बाजारातून गेली. हजारात सहांचा फरक कुठल्याही वापरणाऱ्याला, त्याच्या मित्रांना किंवा एकट्या डॉक्टरला कधीही जाणवला नसता.

पेप्टाइडांच्या घरातच याहून जवळची उदाहरणे आहेत. टास्पोग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यायचे जीएलपी-१ औषध, मूळ संप्रेरकापेक्षा फक्त दोन अमिनो आम्लांनी वेगळे. तिसऱ्या टप्प्यात पोहोचल्यावर ॲलर्जीच्या प्रतिक्रिया आणि मळमळ यांमुळे २०१० मध्ये त्याचे डोस थांबवावे लागले. पेगिनेसाटाइड हे रक्तक्षयावरचे पेप्टाइड मार्च २०१२ मध्ये मान्य झाले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये परत मागवले गेले, कारण काही रुग्ण पहिल्याच डोसानंतर अर्ध्या तासात तीव्र ॲलर्जीने दगावले. नंतरच्या तपासात लक्ष गेले ते कुपीकडे. चाचण्यांत एकदाच वापरायची, परिरक्षक नसलेली कुपी होती. बाजारात अनेक डोसांची, फिनॉल घातलेली आली, आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारे कण जास्त होते. रेणू तोच, कुपी वेगळी. हे वाचूनही कोणाला वाटत असेल की ‘रेणू तोच आहे ना’ एवढे पुरे, तर आमच्याकडे दुसरा युक्तिवाद नाही.

याच दुकानांत एओडी-९६०४ मिळते, ज्याचा लठ्ठपणावरचा विकास २००७ मध्ये परिणाम दिसला नाही म्हणून सोडून देण्यात आला. ॲडिपोटाइड मिळते, जे चरबीच्या रक्तवाहिन्या मारते आणि २०११ च्या माकडांवरच्या अभ्यासात ज्याने मूत्रपिंडांवर परिणाम दाखवला. सोडून दिलेली औषधे इथे ‘अत्याधुनिक’ म्हणून परत येतात. वर एकाच सिरिंजमध्ये दोन पेप्टाइड मिसळण्याची पद्धत रूढ होते आहे, कॅग्रिलिंटाइड आणि सेमाग्लुटाइड हे त्यातले लाडके जोडपे. कॅग्रिलिंटाइड ज्या ॲमिलिन या संप्रेरकाच्या गटातले आहे, त्या गटातल्या रेणूंना तंतू होऊन गोठण्याची खोड आहे. याच गटातले मान्यताप्राप्त प्रॅमलिंटाइड आम्लधर्मी द्रावणात ठेवतात आणि ते इन्सुलिनमध्ये मिसळू नये असे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे. सिरिंजमध्ये द्रव स्वच्छ दिसला म्हणजे काही बिघडले नाही असे होत नाही.

मान्यताप्राप्त औषधासोबत जी माहिती मिळते तीही या व्यापारात गळून पडते. स्वतःला किंवा कुटुंबात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक विकार असेल तर ही औषधे घेऊ नयेत. टिर्झेपेटाइड सुरू करताना आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये. गर्भधारणा हवी असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर त्यांचा डोस बघावा लागतो, नाहीतर साखर धोकादायक उतरते. भूल देण्यापूर्वी भूलतज्ज्ञाला सांगावे लागते, कारण पोट उपाशी राहूनही रिकामे नसते. वरच्या पोटात पाठीपर्यंत जाणारी न थांबणारी वेदना झाली तर स्वादुपिंडाचा विचार तातडीने व्हायला हवा. जून २०२५ मध्ये युरोपीय सुरक्षा समितीने सेमाग्लुटाइडसाठी डोळ्याच्या मज्जातंतूचा एक अतिशय दुर्मिळ विकार दुष्परिणामांत जोडला. अचानक नजर गेली तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. ‘मानवी वापरासाठी नाही’ असे लिहिलेल्या कुपीसोबत यातले काहीही देता येत नाही, कारण दिले तर ती औषध असल्याचे मान्य करावे लागेल. सावधगिरीची सूचना न देण्याचे बक्षीस म्हणजे कायद्यातून सुटका, ही व्यवस्था आपण चालू ठेवली आहे.

लोक या बाजारात का जातात, हेही आपण ऐकून घ्या. औषध महाग आहे, मध्यंतरी त्याचा तुटवडा होता, आणि जाड माणसाला दवाखान्यात जे ऐकावे लागते ते ऐकण्यापेक्षा घरी कुपी मागवणे अनेकांना सोपे वाटते. त्यांना दोष देणे आम्हाला मान्य नाही. त्यांच्यावर गुन्हे दाखल करून काही साधणार नाही. उलट ते दुष्परिणाम लपवतील. २०२२ पासूनचा तुटवडा आता बराच ओसरला आहे, अमेरिकेत तर टिर्झेपेटाइडचा आणि सेमाग्लुटाइडचा तुटवडा अधिकृतपणे संपल्याचे अनुक्रमे डिसेंबर २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. २०२६ मध्ये काही देशांत सेमाग्लुटाइडची मुख्य पेटंटे संपत आहेत. स्वस्त, तपासलेले औषध शक्य आहे, हा मुद्दा आता कल्पनेतला नाही.

कारवाई करता येत नाही असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियाच्या यंत्रणेने बनावट पेन घेतलेल्यांना साखर उतरून झटके आल्याचे तत्काळ जाहीर केले, पेनमध्ये इन्सुलिन असल्याचा संशय होता. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बनावट सेमाग्लुटाइडच्या बॅचबद्दल सर्व देशांना सावध केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या नियामकाने नॉर्थॅम्प्टनमधला रेटाट्रुटाइड व टिर्झेपेटाइड पेन भरणारा बेकायदा कारखाना पकडला. मनात आले की होते. पण ही कारवाई बनावट पेनपुरती थांबते. खरे नाव सांगून उघड विकली जाणारी कुपी तशीच राहते.

आमच्या मागण्या अशा :

१. माणसांवर ज्याच्या चाचण्या चालू आहेत किंवा झाल्या आहेत असे कोणतेही पेप्टाइड, इंजेक्शनसाठी पाणी, सिरिंज, डोस-गणक किंवा वजन घटल्याची छायाचित्रे यांसोबत विकले जात असेल, तर लेबलवर काहीही असो, ते औषध समजा. खरेदीदार नोंदणीकृत प्रयोगशाळा असल्याचे सिद्ध करणे विक्रेत्याच्या अंगावर टाका.

२. इशाऱ्याचे पत्र ही पहिली पायरी असू द्या, शेवटची नको. ठरलेल्या मुदतीत विक्री थांबली नाही तर पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्यांना आणि संकेतस्थळाचे नाव नोंदवणाऱ्यांना लेखी आदेश द्या. हा व्यापार पार्सलवर जितका चालतो तितकाच पैशांच्या वाटेवर चालतो, आणि ती वाट अडवणे तुलनेने सोपे आहे.

३. बाजारातून गुपचूप खरेदी करून नियमित तपासणी करा आणि निकाल सर्वांसाठी खुले ठेवा : ओळख, शुद्धता, प्रत्यक्ष मात्रा, एंडोटॉक्सिन, निर्जंतुकता, पाचही. फक्त एचपीएलसीचा आलेख देणाऱ्या प्रमाणपत्राला प्रमाणपत्र म्हणू नका. आज काही ग्राहक वर्गणी काढून स्वतः कुप्या तपासून घेतात. एका कुपीचा निकाल दुसऱ्या कुपीबद्दल काही सांगत नाही, कारण दोन्ही एकाच बॅचच्या आहेत हेच कळायला मार्ग नसतो. हे काम नागरिकांनी करावे लागते, यात आपली शोभा नाही.

४. दुष्परिणाम नोंदवण्याच्या अर्जात ‘मान्यता नसलेले किंवा स्वतः आणलेले पेप्टाइड’ असा पर्याय द्या. कुपीचे छायाचित्र, पाणी किती घातले, सिरिंजवर किती युनिट घेतले आणि शेवटचा डोस केव्हा, या चार गोष्टी विचारा. नोंद करणाऱ्या रुग्णावर कारवाई होणार नाही, हे अर्जाच्या वरच लिहा. विषबाधा केंद्रांनाही हाच अर्ज द्या.

५. औषधालयात कायदेशीरपणे मिसळून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांवर डोस मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट अशा तिन्ही मापांत छापणे आणि डोसाला साजेशी सिरिंज सोबत देणे सक्तीचे करा.

६. चाचण्या चालवणाऱ्या कंपन्यांना अपूर्ण अभ्यासातला वजन घटल्याचा आकडा जाहीर करायचा असेल, तर त्याच निवेदनात, तेवढ्याच ठळकपणे, दुष्परिणाम आणि त्यामुळे औषध सोडणाऱ्यांचे प्रमाण देणे बंधनकारक करा. कायद्याला बगल देणाऱ्या या बाजाराची जाहिरात बहुधा या निवेदनांच्या पहिल्या ओळीतूनच तयार होते.

७. मान्यताप्राप्त औषधांच्या जेनेरिक अर्जांना प्राधान्य द्या आणि किती अर्ज किती दिवस प्रलंबित आहेत हे दर तिमाहीला प्रसिद्ध करा.

यांतल्या पहिल्या चार मागण्यांना बहुतेक देशांत नवा कायदा लागू नये, असलेला वापरला तरी पुरे. आपल्या संस्थेने यातले काय केले, काय करणार आणि काय करणार नाही, हे मुद्द्यागणिक, लेखी आणि जाहीरपणे कळवावे. ‘विषय विचाराधीन आहे’ हे उत्तर आम्ही नकार म्हणून नोंदवू.

आपले,
औषध पृथक्करण, औषधनिर्माण आणि रुग्णसेवेत काम करणारे आम्ही